धर्मशिक्षणाची योजना : रायतूर ते करवीर

शाळेत धर्म शिकवावा की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो बहुधा एकाच चाकोरीतून चालतो. एक पक्ष म्हणतो, धर्मावाचून विद्या म्हणजे मूर्तीवाचून देऊळ. दुसरा म्हणतो, शाळा ही सर्वांची जागा, धर्म ज्याचा त्याने घरी सांभाळावा. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य असते, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. इतिहासाकडे वळले असता मात्र निराळे प्रश्न पुढे येतात. धर्म कोणी शिकवावयाचा, कोणास शिकवावयाचा, कोणत्या भाषेत शिकवावयाचा आणि कोणाच्या संमतीने शिकवावयाचा? ज्या योजनेने या चार प्रश्नांची उत्तरे विचारपूर्वक दिली ती टिकली. जिने ती हुकुमाच्या बळावर गुंडाळून ठेवली ती, तिच्यामागे केवढीही सत्ता उभी असली तरी, फसली. मराठी व कोकणी बोलणाऱ्या प्रदेशात या गोष्टीचा सर्वांत दीर्घ अनुभव कॅथॉलिक पंथाच्या शाळांच्या पदरी आहे. तो अनुभव पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळाचा आहे, आणि त्यात यशाइतकेच अपयशही शिकण्याजोगे आहे.

कोल्हापूरकरांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. शहरात होली क्रॉस कॉन्व्हेंट, सेंट झेवियर्स यांसारख्या शाळा आहेत आणि सर्व धर्मांच्या घरांतील मुले तेथे शिकतात. चर्चच्या व्यवस्थेत कोल्हापूर जिल्हा पूर्वी पुणे धर्मप्रांतात मोडत असे; २००५ साली सिंधुदुर्ग हा नवा धर्मप्रांत निर्माण झाला, त्याचे पीठ सावंतवाडीस ठेवण्यात आले, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग यांच्याबरोबर कोल्हापूरही त्यात गेले. म्हणजे घाटावरचे हे शहर धर्मव्यवस्थेपुरते घाटाखालच्या कोकणाशी जोडले गेले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती समाजाचे प्रमाण शेकडा एकापेक्षाही किंचित कमी होते. तेव्हा घाटावरच्या कॅथॉलिक शाळेत वर्गातील बहुसंख्य मुले कॅथॉलिक नसावीत, हे ओघानेच आले. अशा वर्गात धर्माचा तास कसा आखावा? एका मुलास त्याच्या श्रद्धेचे शिक्षण हवे असते, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या मुलाच्या श्रद्धेस धक्का लागता कामा नये. हा पेच सोडवावयाचा तर प्रथम घाट उतरून गोव्यास जावे लागते, कारण या शिक्षणाचा पहिला धडा तेथे गिरवला गेला.

फ्रान्सिस झेवियर हे ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्याने फिरत, घंटेच्या नादाने मुले गोळा करीत आणि त्यांस चर्चमध्ये नेऊन प्रार्थना व धर्मतत्त्वे चालीवर म्हणावयास लावीत. मुलांनी ती पदे घरी म्हणावी आणि मुलांच्या तोंडून ती आईबापांनी ऐकावी, अशी ही युक्ती होती. पुढे दक्षिणेत मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेल्यावर झेवियर यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने प्रार्थना तमिळ भाषेत करवून घेतल्या व त्या स्वतः पाठ केल्या. त्यांचे तमिळ उच्चार सदोष असतील. परंतु शिकणाऱ्याच्या भाषेपर्यंत शिकवणाऱ्याने चालत जावे, हे तत्त्व त्यांनी ओळखले होते. गोव्यात चर्चला जोडून शाळा निघाल्या. तेथे वाचन, लेखन व गायन यांबरोबर धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे शिकवीत. या प्रश्नोत्तरांस गोव्यात आजही ‘दोतोर्न’ म्हणतात.

याच काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५५९ साली पोर्तुगालच्या दरबारातून फर्मान निघाले की हिंदूंची जी मुले पोरकी होतील ती चर्चच्या स्वाधीन करून त्यांस बाप्तिस्मा द्यावा. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. साष्टी तालुक्यातील देवळे १५६७ च्या सुमारास पाडण्यात आली आणि जुने धर्मग्रंथ बाळगण्यावर बंदी आली. पोरक्या मुलास संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्याच्या नातलगांची संमती कोणास नको होती. शिक्षणास सक्तीची जोड मिळाली की शिक्षक आणि शिपाई यांतला भेद पुसट होतो. गोव्यातून या काळात कित्येक कुटुंबे आपले देव घेऊन परमुलखात निघून गेली, ही गोष्ट कोकणात व कानड्यात अजून विसरली गेलेली नाही.

अशा साष्टीत एका इंग्रज पाद्र्याने जे काम केले ते म्हणूनच अधिक लक्षणीय ठरते. थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे पाद्री २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले आणि १६१९ साली तेथेच मृत्यू पावले. चाळीस वर्षांच्या वास्तव्यातील बहुतेक काळ त्यांनी साष्टीत घालविला. त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक प्रसंग वर्णिला आहे. रविवारी तिसऱ्या प्रहरी चर्चमध्ये मुलांस दोतोर्न शिकविणे चालले असता एका जाणत्या गृहस्थाने पाद्र्यास विचारले, की तुमची ही शिकवण ठीक आहे. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास दुसरे काही का देत नाही? या प्रश्नात धर्मशिक्षणाच्या योजनेतील मोठी उणीव त्या गृहस्थाने अचूक दाखविली आहे. प्रश्नोत्तरे पाठ करून मुलाची परीक्षा होते. पण संध्याकाळी घरात दिवा लागल्यावर सर्वांनी मिळून ऐकावे असे त्यात काही नसते. धर्म बुद्धीला सांगता येतो. परंतु मनात तो घर करतो कथेने आणि गाण्याने.

स्टीफन्स यांनी ही उणीव दोन ग्रंथांनी भरून काढली आणि दोहोंसाठी दोन भाषा निवडल्या. धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे त्यांनी लोकांच्या बोलीत, म्हणजे कोकणीत लिहिली. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूर येथे छापले गेले आणि कोकणीतील पहिले छापील पुस्तक म्हणून ते प्रसिद्ध आहे. कथेसाठी मात्र त्यांनी मराठी घेतली, कारण या लोकांस पुराण ऐकण्याची सवय मराठीतूनच होती. आदिपर्वापासून येशूच्या चरित्रापर्यंतचा विषय त्यांनी ओवीत बांधला. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ असे एकूण ९५ अवस्वरु, आणि ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या जवळपास. हा ग्रंथ १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात रोमन लिपीत निघाला, कारण नागरी खिळे तेथे उपलब्ध नव्हते. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. चर्चमध्ये व घरोघरी तो वाचला जाई. धर्मशिक्षणाची जी योजना घरात प्रवेश करते तिला पहारेकऱ्याची गरज उरत नाही, हे यावरून दिसते.

पुढील पिढीतील राज्यकर्त्यांना हे उमगले नाही. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, आणि पाद्र्यांनी व शाळामास्तरांनी मुलांस पोर्तुगीजमधूनच शिकवावे. गोव्याचा छापखाना तर त्यापूर्वीच, १६७४ च्या सुमारास बंद पडला होता. तो पुन्हा सुरू झाला १८२१ साली. हुकुमाचा परिणाम काय झाला? कोकणी गेली नाही. आईच्या तोंडची भाषा तीन वर्षांच्या मुदतीने जात नसते. मात्र देशी भाषेतील धर्मवाङ्मयाचा प्रवाह आटला आणि शिकवणीची भाषा व घरची भाषा यांत फारकत झाली. ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. तो ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. मंगळुराकडील ख्रिस्ती कुटुंबांनी प्रती उतरून घेऊन त्या जतन केल्या, आणि त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे त्याचे पुन्हा मुद्रण झाले. नागरी लिपीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यास काढली. राजाच्या हुकुमाने जे साधले नाही ते घरातल्या पोथीने साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

वसईचे उदाहरण याला बळकटी देते. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाच्या मागची पोर्तुगीज सत्ता एका दिवसात नाहीशी झाली. श्रद्धा जर केवळ सत्तेच्या आधारावर उभी असती, तर मराठ्यांच्या अमलात ती विरून गेली असती. तसे झाले नाही. वसईतील कॅथॉलिक समाज आपल्या सामवेदी, वाडवळी इत्यादी बोली, आपली गाणी व आपले सण यांसह टिकून राहिला. घर, गावचे चर्च आणि मातृभाषा ही त्याची पाठशाळा होती. याच समाजातून पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे मराठी लेखक निर्माण झाले; त्यांच्या ‘सुबोध बायबल’ या मराठी ग्रंथास साहित्य अकादमीचा भाषांतरासाठीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

इंग्रजी अमलात प्रश्नाचे स्वरूप पालटले. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खासगी शाळांस सरकारी अनुदान देण्याचे धोरण ठरविले. अनुदान मिळावयाचे ते लौकिक विषयांच्या चांगल्या शिक्षणाबद्दल. शाळेत धर्म काय शिकवतात याची दखल तपासणी अधिकाऱ्याने घ्यावयाची नाही. या तटस्थतेच्या आश्रयाने मिशनऱ्यांच्या शाळा वाढल्या. पुण्यास सेंट व्हिन्सेंट ही येशूसंघाची शाळा १८६७ साली निघाली, मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली. अशा शाळांत हिंदू, पारशी व मुसलमान मुले मोठ्या संख्येने येऊ लागली, तेव्हा वेळापत्रकात दोन प्रवाह करणे भाग पडले : कॅथॉलिक मुलांस धर्मतत्त्वे आणि इतरांस नीतिपाठ. पुढे ‘मॉरल सायन्स’ या नावाने परिचित झालेला तास या व्यवस्थेतूनच आला.

परंतु नीती ही स्वतंत्र पाठ्यपुस्तकातून शिकविता येते काय? हंटर कमिशनने १८८२–८३ साली सर्व धर्मांस मान्य अशा तत्त्वांवर एक नीतिविषयक क्रमिक पुस्तक तयार करण्याची सूचना केली. कमिशनचे सभासद काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी तिला विरोध नोंदविला. पुस्तकातील नीतिवचनांनी चारित्र्य घडत नाही, ते शिक्षकाच्या सहवासाने व शाळेच्या एकंदर वातावरणाने घडते, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. नीतिपाठाचा तास ज्या ज्या शाळेत कंटाळवाणा झाला आहे, तेथे तेलंगांच्या आक्षेपाची आठवण व्हावी.

या काळात कोल्हापूरने आपला स्वतंत्र मार्ग काढला. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर हे १८५२ साली कोल्हापुरास आले व त्यांनी शाळा काढल्या. हे मिशन प्रॉटेस्टंट पंथाचे होते. परंतु परधर्मीय शाळेत आपले मूल घालावे की नाही, हा प्रश्न करवीरच्या पालकांपुढे प्रथम उभा राहिला तो या शाळांमुळे. पुढे राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याआधीपासूनच, म्हणजे १९०१ सालच्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून, त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली होती. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, अस्पृश्य मानले गेलेले समाज, ख्रिस्ती अशा सर्वांस त्यात स्थान मिळाले. मुसलमान विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगचा भार तर महाराजांनी स्वतः वाहिला आणि कुराणाचे मराठी भाषांतर करवून घेण्याचे कामही हाती घेतले. स्टीफन्स यांच्यानंतर तीन शतकांनी, अगदी निराळ्या हेतूने, तेच तत्त्व येथे पुन्हा दिसते : धर्मग्रंथ माणसाच्या भाषेत यावा.

या व्यवस्थेचा सारांश असा काढता येईल की शाळा सर्वांची आणि वसतिगृह ज्या त्या समाजाचे. गणित, भाषा, इतिहास ही मुले एका बाकावर बसून शिकत. प्रार्थना, उपास व सण आपापल्या वसतिगृहात पाळत. महाराजांनी धर्म हा विषय शिक्षणातून वगळला होता असे मात्र नव्हे. वेदोक्ताच्या वादात पोळलेल्या या राजाने राजाराम कॉलेज १९१९ साली आर्य समाजाकडे सोपविले आणि १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापिले. धर्म शिकविण्याचा हक्क एका जातीच्या हाती राहू नये, हा त्यामागील हेतू होता. धर्म कोणी शिकवावयाचा, या प्रश्नाला करवीरने दिलेले ते उत्तर होते.

स्वातंत्र्यानंतर संमतीच्या प्रश्नाला कायद्याचे रूप आले. येशूसंघाचे पाद्री जेरोम डिसोझा हे संविधान सभेचे एक सभासद होते. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. २८ व्या अनुच्छेदाने त्याला दुसरी बाजू जोडली. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य अथवा अनुदानित शाळेत ते दिले गेले, तरी विद्यार्थ्यावर त्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. १५५९ च्या फर्मानाने ज्या संमतीस कवडीचीही किंमत दिली नव्हती, ती येथे मुलाचे संरक्षण म्हणून प्रतिष्ठित झाली.

विशेष हे की चर्चचा स्वतःचा विचारही त्याच दिशेने चालत गेला. १९०५ साली पोप दहावे पायस यांनी प्रत्येक धर्मग्रामात रविवारी व सणाच्या दिवशी मुलांस एक तास धर्मतत्त्वे शिकवावी असा आदेश दिला, आणि १९१० साली प्रथम कम्युनियनचे वय साधारण सात वर्षांवर आणले. त्यामुळे धर्मशिक्षणाचा आरंभ प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांतच होऊ लागला आणि इयत्तावार अभ्यासक्रमाची गरज भासू लागली. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणाविषयी जाहीरनामा काढून, जेथे कॅथॉलिकेतर मुलेही शिकतात अशा शाळांविषयी विशेष आस्था प्रकट केली. त्याच वर्षी धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तिने म्हटले की आईबापांच्या श्रद्धेशी न जुळणारे पाठ मुलांवर लादणे हा त्यांच्या हक्काचा भंग होय. भारताच्या संविधानातील तत्त्व पंधरा वर्षांनी रोमच्या मुखातून उमटले. १९८८ साली रोमच्या शिक्षणविभागाने आणखी एक भेद स्पष्ट केला : धर्माचे ज्ञान ही एक गोष्ट, श्रद्धेचा संस्कार ही दुसरी. दोहोंचा संबंध निकटचा आहे, पण त्या एक नव्हेत. ज्ञान देणे हे शाळेला शोभणारे काम आहे; संस्काराचे मुख्य स्थान मात्र घर व धर्मग्राम.

हा भेद ध्यानी घेतला म्हणजे घाटावरच्या कॅथॉलिक शाळेतील पेच बराच सैल होतो. कॅथॉलिक मुलास प्रार्थना, संस्कारविधी व कम्युनियनची तयारी हवी. ती चर्चमध्ये, रविवारच्या वर्गात आणि घरी व्हावी, आणि शाळेच्या वेळात झाली तर पालकांच्या संमतीने वेगळ्या तासाला व्हावी. बाकीच्या मुलांचा तास हा उरलेल्यांस बसवून ठेवण्याचा तास नव्हे. ख्रिस्ती शेजारी नाताळ का पाळतो, मुसलमान शेजारी रोजा का ठेवतो, जैन शेजारी पर्युषणात काय करतो, वारकरी पंढरीस का जातो, हे प्रत्येक मुलास कळणे हा नागरिकत्वाचा भाग आहे. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण असा जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. दुसऱ्या प्रकारच्या तासाला कोणाच्याही श्रद्धेस धक्का लागत नाही, आणि वर्गातील एकुलत्या एक कॅथॉलिक मुलासही आपण परके आहोत असे वाटत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मूल घरी कोकणी किंवा मराठी बोलते, शाळेत इंग्रजी शिकते, आणि धर्मतत्त्वेही पुष्कळदा इंग्रजी पुस्तकातून पाठ करते. १६८४ चा हुकूम आज कोणी काढीत नाही. पण ज्या फारकतीसाठी तेव्हा हुकूम लागला, ती आता आपखुशीने होते. त्या साष्टीकर गृहस्थाने रविवारी तिसऱ्या प्रहरी विचारलेला प्रश्न अजून विचारण्याजोगा आहे : मुलाने पाठ केलेले परीक्षेस पुरेल, घरात सर्वांनी मिळून ऐकावे असे तुम्ही काय देता? धर्मशिक्षणाची योजना आखणाऱ्या मंडळींनी वेळापत्रकाचे रकाने भरण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे. वेळापत्रक शाळेच्या भिंतीवर लागते. धर्म टिकतो तो ज्या भाषेत आजी नातवाला गोष्ट सांगते त्या भाषेत.